परिचारिकांची टंचाई : पाळीचा हिशेब

वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी घालून दिली, आणि परिचारिकेचे काम हे चांगल्या घरच्या बाईने करण्याजोगे काम आहे, हे त्याच पुण्याला पटवण्याची खटपट त्यांच्या पत्नी रमाबाईंनी पुढे सेवासदनाच्या द्वारे केली. तेव्हा अशा व्यासपीठावर परिचारिकांचा विषय काढला तर तो अगदीच परका ठरू नये. चिटणीसांनी आम्हांला विचारले तेव्हा त्यांची अपेक्षा कामगार चळवळीच्या इतिहासावर काही ऐकावे अशी होती. आम्ही म्हटले, इतिहास पुढच्या वर्षी. यंदा चालू हिशेब मांडू. आमचे शिक्षण म्हणाल तर शाळेत नववीपर्यंत झाले. पुढचे कारखान्याच्या फाटकावर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि गावच्या वाचनालयात. त्यामुळे वैद्यकातले आम्हांला काही कळते असा आमचा दावा नाही. पण पाळी म्हणजे काय, बदली म्हणजे काय आणि कमी माणसांत काम ओढणे म्हणजे काय, हे आम्हांला चांगले कळते, आणि आजचा विषय तेवढ्याच शिदोरीवर समजण्यासारखा आहे.

आधी एका रात्रीची हकिगत सांगतो. २०२२ सालचा जून महिना. पाऊस लांबला होता. आमच्या पुतणीला रात्री अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या म्हणून तिला एका सरकारी रुग्णालयात नेले. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण पुढची हकिगत बहुतेक कोणत्याही नावाखाली खपून जाईल. तिथे एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक शिपाई एवढी माणसे होती. पुतणीला प्रसूतिकक्षात घेतले. तेवढ्यात एका शेतकऱ्याला त्याच्या भावाने मोटारसायकलवर मध्ये बसवून आणले. शेतीची वीज रात्रीची, म्हणून तो उसाला पाणी द्यायला गेला होता आणि बांधावर त्याला घोणस चावली होती.

घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. म्हणून रोग्याचे थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे हलू न देता ठेवायचे आणि गोठते की नाही ते पाहायचे. मग विषावरची लस सलाइनमधून सोडायची. लस स्वतःच अंगावर उठू शकते म्हणून रोग्यापाशी उभे राहून नाडी, रक्तदाब, श्वास पाहत राहायचे. हे सगळे आम्हांला त्या रात्रीच कळले, कारण परिचारिका हे करता करता प्रसूतिकक्षाकडे धावत होती, तिथून परत येत होती, आणि वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईची सलाइन संपली म्हणून तिसरीकडूनही हाका येत होत्या. आम्ही पुतणीच्या काळजीने चिडलेलो. जन्मभर साहेबांशी आवाज चढवून बोलण्याची सवय. आम्ही आवाज चढवला. त्या बाईने वरही न बघता सांगितले, "काका, भांडायचं असेल तर सकाळी भांडा. आत्ता या बाटलीकडे बघत बसा, थेंब थांबले की मला हाक मारा." आम्ही बाटलीकडे बघत बसलो. पहाटे चारला मुलगी झाली. शेतकरीही जगला, त्याला उजाडता उजाडता रुग्णवाहिकेतून पुण्याला पाठवले.

सकाळी आम्ही तक्रार लिहायला कार्यालयात गेलो. खोटे कशाला बोला, तक्रारीचा मजकूर मनात तयार होता. कागद मिळेपर्यंत भिंतीवरचा ड्यूटीचा तक्ता वाचीत उभे राहिलो आणि तिथेच आमची तक्रार बारगळली. परिचारिकांची मंजूर पदे सात. त्यांपैकी दोन रिक्त. उरल्या पाच. पाचातली एक बाळंतपणाच्या रजेवर, एक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे. राहिल्या तीन. वर्षाचे दिवस ३६५ आणि दिवसाच्या पाळ्या तीन, म्हणजे प्रत्येक पाळीला एकच बाई ठेवली तरी वर्षाच्या १,०९५ पाळ्या झाल्या. त्या तिघींत वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ३६५ आल्या. रविवार नाही, दिवाळी नाही, ताप आला तर सोय नाही. असा तक्ता आमच्या कोणत्याही कारखान्यात लावला असता तर दुपारपर्यंत फाटकावर सभा झाली असती.

तेव्हापासून आम्ही हा हिशेब वहीत मांडीत आलो आहोत. तो आपणही मांडून पाहावा, अवघड नाही. एक खुर्ची, म्हणजे एक जागा, दिवसरात्र भरलेली ठेवायची तर वर्षाला १,०९५ पाळ्या लागतात. एक परिचारिका वर्षाला किती पाळ्या देऊ शकते? साप्ताहिक सुट्टीचे ५२ दिवस वजा केले की ३१३ उरतात. हक्काची अर्जित रजा ३० दिवस, म्हणजे २८३. त्यातून किरकोळ रजा, आजारपण, प्रशिक्षण, सणावारी काम केल्याची बदली सुट्टी हे काढले तर २६० च्या वर आकडा नेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १,०९५ ला २६० ने भागा. उत्तर सव्वाचारच्या आसपास येते. एक खुर्ची चोवीस तास भरलेली हवी, तर सव्वाचार बाया नेमल्या पाहिजेत. दोन खुर्च्यांना साडेआठ.

आता तीस खाटांचे रुग्णालय घ्या. त्याला केंद्राच्या जुन्या नियमाने परिचारिका सात. सातजणी सगळ्या हजर धरल्या तर पाळ्या झाल्या १,८२०. दोन खुर्च्यांना हव्यात २,१९०. म्हणजे सगळी पदे भरली, एकही रिक्त नाही, अशा सुवर्णयुगातसुद्धा दोन बाया दिवसरात्र ठेवता येत नाहीत. दोन पदे रिक्त असली तर पाचजणींच्या १,३०० पाळ्या. त्यातून एक खुर्ची भरली की उरतात २०५. रोजच्या सकाळच्या गर्दीला दुसरी बाई द्यायची म्हटले तरी त्या पुरत नाहीत. रात्री एकच बाई असते, ती कोणाच्या आळसामुळे नव्हे. भागाकारच तसा आहे.

रिक्त पदे भरली की प्रश्न मिटला, असे वर्तमानपत्रे वाचून वाटते. आमचा अनुभव सांगतो की टंचाई दोन प्रकारची असते. एक कागदावर दिसते : मंजूर पदे इतकी, भरलेली इतकी, बाकी रिक्त. दुसरी कागदावर दिसतच नाही, कारण मुळात मंजूर पदेच कामाच्या मानाने थोडी असतात. पहिल्या टंचाईवर विधानसभेत प्रश्न विचारता येतो. दुसरीवर विचारायचे तर आधी आकृतिबंध म्हणजे काय हे समजून घ्यावे लागते; कोणत्या संस्थेला कोणती पदे किती, याचा शासनाने ठरवलेला साचा म्हणजे आकृतिबंध. प्राथमिक आरोग्य केंद्राचे ग्रामीण रुग्णालय झाले, इमारत बांधली, फलक रंगवला, फीत कापली, आणि पदनिर्मितीची फाइल वित्त विभागात पडून राहिली, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. इमारत ठेकेदाराला दिली की उभी राहते. पद उभे राहिले की त्याला दरमहा पगार द्यावा लागतो, आणि फरक नेमका तिथेच आहे.

कापडगिरण्यांच्या काळात मुंबईत बदली कामगारांची पद्धत होती. ती आम्ही फारशी पाहिली नाही, पण गिरणगावातून १९८२ च्या संपानंतर गावी परतलेली वडीलधारी माणसे तिच्याविषयी सांगत. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या मागावर उभे राहायला फाटकावर बदली तयार असे. त्या पद्धतीत बदलीवाल्यांचे हाल होत, ते निराळे. पण मालकाला एवढे कळत होते की हजार माणसे नेमली म्हणजे रोज हजार येत नाहीत. आमच्या रुग्णालयांना हे कळत नाही असे नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषातच लिहिले आहे की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक, सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी, आणि त्यावर रजेसाठी म्हणून आणखी तीस टक्के. ते तीस टक्के म्हणजेच बदली. कात्री प्रथम त्यांच्यावर चालते. हे क्षेत्र बहुतांशी बायकांचे. शासनाने बाळंतपणाची रजा १८० दिवसांची केली, पुढे मुलांच्या संगोपनासाठीही रजा दिली, आणि योग्यच केले. पण रजा देताना तिच्या जागी उभी राहणारी बदली दिली नाही. परिणाम असा की एका बाईचा हक्क दुसऱ्या बाईच्या रात्रपाळीतून वसूल होतो, आणि मग त्या दोघींत बिनसते. माग बंद राहिला तर कापड विणले जात नाही, एवढेच. रुग्णालयात तसे काम अडवून ठेवता येत नाही.

खाटेवर मोजलेल्या या निकषात आणखी एक खोच आहे, आणि ती शिरूर-दौंडसारख्या ठिकाणी फार टोचते. तीस खाटा भागिले पाच, म्हणजे सहा. वर तीस टक्के, म्हणजे आठाच्या आत. कागदावर सात म्हणजे काही फार वाईट नाही! पण प्रसूतीचे टेबल हे खाटेत धरीत नाहीत. अपघाताचा रोगी ज्या बाकड्यावर आडवा करतात ते बाकडेही खाट नव्हे. रुग्णालय तीस खाटांचे असो की तीनशे, प्रसूतिकक्षात एक बाई, वॉर्डात एक आणि अपघात विभागात एक, एवढ्या किमान जागा लागणारच. मोठ्या रुग्णालयात एक बाई गैरहजर राहिली तर तिचे रोगी दहाजणींत वाटले जातात. लहानात ती गैरहजर राहिली तर तो कक्षच रिकामा. म्हणून टक्केवारी सारखी असली तरी रिक्त पदाचा घाव लहान रुग्णालयाला खोल बसतो. जिल्ह्याच्या बैठकीत जेव्हा "सरासरी इतकी पदे भरलेली" असे वाचून दाखवतात तेव्हा हे लपते.

आता पायऱ्या पाहू. तळाशी उपकेंद्र : सपाटीवर ५,००० वस्तीमागे एक, तिथे आरोग्यसेविका, जिला गावात सगळे नर्सबाईच म्हणतात. तीच लसी टोचते, तीच गरोदर बायकांची नोंद ठेवते, तीच घरोघर फिरते, आणि हल्ली तीच मोबाइलवर माहिती भरत बसते. त्यावर ३०,००० वस्तीमागे प्राथमिक आरोग्य केंद्र. ही दोन्ही जिल्हा परिषदेकडे. त्यावर शिरूर, यवत यांसारखी ग्रामीण रुग्णालये, मग दौंडचे उपजिल्हा रुग्णालय, मग औंधचे जिल्हा रुग्णालय. ही राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. शेवटी ससून, १८६७ पासून उभे असलेले, ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. शिवाय दौंडला जंक्शनमुळे रेल्वेचे स्वतःचे रुग्णालय, त्याचे धनी दिल्लीत. रोगी या पायऱ्या एका रात्रीत चढतो. परिचारिका मात्र एका पायरीवरून दुसरीवर सरकारी हुकमाने सहसा जात नाही, कारण प्रत्येक पायरीचा धनी निराळा, सेवाप्रवेशाचे नियम निराळे, ज्येष्ठतेची यादी निराळी आणि भरतीची जाहिरातही निराळी. यवतला बाई कमी पडली आणि शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एखादी मोकळी असली (असत नाही, पण समजा), तरी तिला चार दिवस इकडे आणायचे म्हणजे दोन खात्यांचा पत्रव्यवहार.

वस्तीचा आकडा तरी खरा आहे का? २०११ च्या जनगणनेत शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पावणेचार-पावणेचार लाखांच्या वर होते. २०२१ ची जनगणना त्या साली झालीच नाही. त्यानंतर रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ या पट्ट्यांत कामाला आलेली माणसे, मराठवाड्यातली, बिहारची, ओडिशाची, ती कोणत्या उपकेंद्राच्या वस्तीत धरली? आम्ही त्यांच्या खोल्यांतून सभासद-पावत्या फाडीत फिरतो, म्हणून सांगतो : एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे सहाजण असतात, आणि त्यांची नोंद असलीच तर त्यांच्या गावी असते. त्यांच्या बायका बाळंत होतात त्या मात्र इथे. दोन्ही तालुक्यांतून हमरस्ते जातात, एक नगरकडचा, एक सोलापूरकडचा. त्यांवरच्या अपघातांतली माणसे तर कोणत्याच गावच्या वस्तीत मोजलेली नसतात.

भरतीची कथा लांबलचक आहे. तिच्यातले मासले तेवढे सांगतो. मार्च २०१९ मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांनी आरोग्याच्या पदांसह जाहिरात काढली. मुलामुलींनी शुल्क भरले. परीक्षा पुढे पुढे गेली आणि २०२२ मध्ये ती भरतीच रद्द झाली. दरम्यान करोनाची दोन वर्षे येऊन गेली. ज्या काळात परिचारिका जिवापेक्षा मोलाची होती, त्याच काळात ती जाहिरात फडताळात होती. आरोग्य विभागाने ऑक्टोबर २०२१ मध्ये परीक्षा घेतल्या, तर प्रश्नपत्रिका फुटल्या, तपास लागला, धरपकड झाली, आणि त्याही परीक्षा रद्द. मग ऑगस्ट २०२३ मध्ये एकदम दोन मोठ्या जाहिराती आल्या : जिल्हा परिषदांची १९,४६० पदांची आणि आरोग्य विभागाची १०,९४९ पदांची, सर्व संवर्ग मिळून. मे महिन्यात वैद्यकीय शिक्षण खात्याचीही निघाली होती. चार वर्षे उपाशी ठेवून एका दिवशी पंगत मांडली. एकाच मुलीने तिन्हीकडे अर्ज केला, दोन ठिकाणी निवडली गेली, एकीकडे रुजू झाली. दुसरीकडची जागा पुन्हा रिक्त, प्रतीक्षायादीवर.

ती कोणती जागा सोडते, हे कालव्याच्या गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. चासकमानचे पाणी असो की खडकवासल्याचे, आवर्तन सुटले की वरची गावे आधी भिजतात आणि टेलचा शेतकरी पाटाकडे बघत बसतो. परिचारिकांचेही तसेच. शहरात घर भाड्याने मिळते, मुलांना शाळा मिळते, नवऱ्याची नोकरी तिथेच असते, रात्री पाळी सुटली तर रस्त्यावर दिवे असतात. गावच्या रुग्णालयात कर्मचारी-निवास असले तर छत गळके. पगारातही फरक : सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या रुग्णालयातील परिचारिकेचे सुरुवातीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये धरले, राज्याने आपल्या अधिपरिचारिकेचे ३५,४०० धरले. काम तेच, पदवी तीच. मग रेल्वे किंवा एम्सची जाहिरात निघाली की आमच्या रुग्णालयातल्या हुशार मुली पुस्तके काढून बसतात. त्यांना दोष देणारे लोक स्वतःच्या मुलाला मात्र पुण्यापलीकडे, जमल्यास अमेरिकेत पाठवतात.

मधल्या काळात खिंडार बुजवायला कंत्राटी परिचारिका. राष्ट्रीय आरोग्य अभियानात त्या अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर वर्षानुवर्षे राबल्या. करोनात तर तीन-तीन महिन्यांसाठी मुली घेतल्या, टाळ्या वाजवल्या, आणि लाट ओसरल्यावर कामावरून कमी केल्या. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी संप केला तो मुख्यतः पगारवाढीसाठी नव्हता; परिचारिकांची भरती खाजगी ठेकेदार संस्थांमार्फत करू नका, हे त्यांचे प्रमुख म्हणणे होते. तरीही ६ सप्टेंबर २०२३ ला बाह्ययंत्रणेकडून नोकरभरती करण्याचा शासन निर्णय निघाला. महाराष्ट्रभर ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. १४ मार्च २०२४ ला अभियानातल्या दहा वर्षे पूर्ण झालेल्यांना सेवेत सामावण्याचा निर्णय झाला. अंमल होईना म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप. कंत्राटी माणसाचे आणखी एक दुखणे असते. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. चौकशीनंतर कायम अधिकाऱ्यांपैकी काहींचे निलंबन झाले, काहींची बदली. कंत्राटी परिचारिकांची सेवा मात्र संपवून टाकण्यात आली. त्या रात्री कोण चुकले याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण एकाच प्रसंगात कायम माणसाला निलंबन आणि कंत्राटी माणसाला दार, हा भेद आम्ही कारखान्यांत तीस वर्षे पाहत आलो आहोत.

खाजगी रुग्णालयांविषयी थोडेसेच, कारण तिथे आमच्या संघटनेचे हात फारसे पोहोचलेले नाहीत. तालुक्याच्या गावात सहा-दहा खाटांची जी रुग्णालये आहेत, तिथे पांढऱ्या कपड्यातली प्रत्येक मुलगी शिकलेली परिचारिका असतेच असे नाही. पुष्कळदा ती बारावी होऊन कामावर शिकलेली असते. तिचे हात चांगले असतात, पण मोबदला नोंदणीकृत परिचारिकेचा मिळत नाही, आणि चूक झाली तर जबाबदारी मात्र पूर्ण पडते. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाजगी परिचारिकांच्या वेतनाकडे लक्ष द्यायला सांगितले, त्यावरून केंद्राने समिती नेमली. समिती म्हणाली : दोनशे खाटांच्या वरच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन द्या, शंभर ते दोनशेत फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरात फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आत असले तरी महिना २०,००० च्या खाली जाऊ नका. ही शिफारस राज्यांकडे गेली. तिच्या आधारे पगार मागायला गेलेल्या दोन मुली आमच्याकडे आल्या होत्या; मागणीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना "उद्यापासून येऊ नका" असे तोंडी सांगण्यात आले होते. तोंडीच, नियुक्तीचा कागदही कधी दिलेला नव्हता, मग काढल्याचा कोण देणार?

मुली शिकत नाहीत म्हणून टंचाई आहे, हा समज तेवढा काढून टाकावा. १९४६ साली सर जोसेफ भोर (मूळचे नाशिकचे) यांच्या समितीने अहवाल दिला, तेव्हा सबंध हिंदुस्थानात परिचारिका सुमारे सात हजार होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्या वेळची टंचाई खरोखरच शिकलेल्या बायांची टंचाई होती. आज तसे नाही. दोन वर्षांचा, तीन वर्षांचा, चार वर्षांचा, असे सगळे अभ्यासक्रम चालवणारी विद्यालये जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. बाप शेत गहाण टाकून फी भरतो, मुलगी मुंबईच्या परिषदेत नाव नोंदवते आणि जाहिरातीची वाट पाहत बसते. रिकामी खुर्ची आणि रिकामी मुलगी एकाच तालुक्यात, कित्येकदा एकाच गल्लीत. बाहेरच्या जगाला तिची किंमत बरोबर कळली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ साली जगात ५८ लाख परिचारिका कमी होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्या मनुष्यबळात परिचारिकाही आहेत. मुलींनी जरूर जावे, जर्मन शिकावे, चार पैसे मिळवावेत. आमचे म्हणणे एवढेच की जे सरकार स्टुटगार्टसाठी यादी करू शकते, त्याला न्हावऱ्यासाठीही करता येईल.

"एक नर्स कमी असली तर असे काय बिघडते?" असे एका पुढाऱ्याने आम्हांला विचारले होते. बिघडते ते मोजलेले आहे. अमेरिकेत लिंडा एकेन या बाईंनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवले की एका परिचारिकेच्या वाट्याला एक रोगी वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांत तीस दिवसांत मृत्यूचा संभव सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. युरोपातल्या नऊ देशांत हेच तपासले, २०१४ मध्ये उत्तर जवळजवळ तेच आले. कारण साधे आहे. डॉक्टर रोग्याला दिवसातून एकदा-दोनदा पाहतो. रक्तदाब घसरतो, लघवी थांबते, बाळाचे ठोके मंदावतात, ते या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. आणि त्या वेळी तिथे कोणी असले तरच ते कळते. कॅलिफोर्नियात यावर कायदाच आहे; १९९९ ला झाला, २००४ पासून अमलात आला. सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेला पाचांहून अधिक रोगी देता येत नाहीत. आमच्याकडे निकष आहेत, पण निकष मोडला म्हणून कोणाला दंड झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

नर्स उद्धटपणे बोलतात, ही तक्रार खरी आहे. आम्हीही ऐकून घेतले आहे, वर सांगितलेच. त्यावर उपाय म्हणून वागणुकीचे प्रशिक्षण द्यावे असे सुचवतात. द्यावे. पण त्या प्रशिक्षणाला ज्या दिवशी दोघींना पुण्याला बोलावतील त्या दिवशी वॉर्डात कोण असेल, ते आधी ठरवावे.

आपल्यासारख्या गावकऱ्यांच्या हातात काय आहे, असे कोणी विचारील म्हणून जे आम्ही करतो ते सांगतो. प्रत्येक सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत रंगकाम आणि पाण्याची टाकी यांवर पुष्कळ चर्चा होते. तिथे तीन आकडे लेखी मागावेत : परिचारिकांची मंजूर पदे किती, त्यांपैकी प्रत्यक्ष पगार त्या रुग्णालयातून घेणाऱ्या किती, आणि काल रात्री पाळीवर प्रत्यक्ष हजर किती. पहिला आकडा लगेच मिळतो. दुसऱ्याला आठवडा लागतो. तिसरा मिळत नाही, त्यासाठी रात्री जाऊन पाहावे लागते. आम्ही दर महिन्याला एकदा, गोंधळ न करता, जाऊन पाहतो आणि वहीत टिपतो. माहितीचा अधिकार आहे, तोही वापरतो. आमच्या एका पत्रामुळे एक प्रतिनियुक्ती रद्द होऊन बाई परत आली, एवढे यश पदरी आहे. फार नाही.

त्या रात्रीच्या परिचारिकेची पुढची हकिगत राहिली. तिने २०२३ ची वैद्यकीय शिक्षण खात्याची परीक्षा दिली. अभ्यास रात्रपाळीत करीत होती म्हणे, कधी ते देव जाणे. निवड झाली आणि ती मोठ्या शहराच्या रुग्णालयात रुजू झाली. जाण्यापूर्वी पेढे द्यायला आमच्या पुतणीच्या घरी आली होती. मुलगी तिच्या मांडीवर बसायला तयार नव्हती, पेढा मात्र घेतला. आम्हीही पेढा खाल्ला, तिला मनापासून शुभेच्छा दिल्या. घरी येऊन वही काढली. त्या रुग्णालयाच्या पानावर भरलेल्या पदांपुढे पाच होते. ते खोडून चार केले. परवा गेलो होतो, तेव्हाही चारच होते.